चिमणीखालचा बाजार

लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये खरेदीच्या पिशव्या सावरत एकदा मान वर करून बघा. गिरणीची चिमणी अजून उभी आहे. धूर गेला, भोंगाही गेला. खाली दुकानं, शेजारी कचेऱ्या, पलीकडे पंचतारांकित हॉटेल. गुंतवणूकदाराला अशी मिश्र वापराची जागा आवडते, कारण एक भाडेकरू उठला तरी बाकीच्यांचं भाडं येत राहतं. हिशोब चोख आहे, मान्य. पण मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. आणि गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते कितीशी? या अंकात वास्तुरचनाकारांचे नकाशे आहेत, चाळकऱ्यांच्या मुलाखतीही. आमचं ऐकाल तर मुलाखती आधी वाचा.