कोठडीबाहेरचा तास

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हिंडलगा हे गाव मराठी माणसास 1986 च्या सीमा आंदोलनातील हुतात्म्यांमुळे परिचित आहे. उर्वरित कर्नाटकास ते ठाऊक आहे तेथील मध्यवर्ती कारागृहामुळे. याच कारागृहातील एका कैद्यासंबंधीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2022 रोजी दिला. बी. ए. उमेश याने 1998 साली बेंगळूरू येथे एका स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून केला होता. अपराध अमानुष होता, याविषयी दुमत नाही. परंतु 2006 पासून सुमारे दहा वर्षे त्यास एकांत कोठडीत ठेवले गेले, त्यास कायद्याचा आधार नव्हता व त्याचा त्याच्या प्रकृतीवर दुष्परिणाम झाला, असे सांगून न्यायालयाने फाशी रद्द केली आणि किमान तीस वर्षांचा कारावास ठोठावला.

एकांतवासाची शिक्षा तीन महिन्यांपलीकडे देता येऊ नये, ही मर्यादा जुन्या दंडविधानात होती, नव्या न्याय संहितेतही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांनी तर सलग पंधरा दिवसांपलीकडचा एकांतवास वर्ज्य ठरविला, आणि उघड्यावर काम नसलेल्या प्रत्येक कैद्यास रोज निदान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळावा, असे म्हटले. हा तास म्हणजे कैद्याचे लाड, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत. आम्हांस ती मान्य नाही. खून झालेल्या स्त्रीच्या आप्तांचे दुःख आम्ही विसरत नाही; पण कोठडीत माणूस वेडा झाल्याने ते दुःख कणभरही हलके होत नाही.

स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मनोविकाराने ग्रासलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, आणि त्यातील बरेचसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह अशा शारीरिक व्याधींचे असतात. औषधांनी वजन वाढते, आजाराने माणूस एका जागी बसून राहतो. अशा रुग्णांस नियमित चालणे, धावणे यांनी लाभ होतो, लक्षणे सौम्य होतात, स्मरण व अवधान सुधारते, असे गेल्या दोन दशकांतील अभ्यासांत आढळले आहे. बेंगळूरूच्या निमहान्स संस्थेने योगासनांचाही उपयोग तपासला व तो अनुकूल ठरला. औषध थांबवून सूर्यनमस्कार घालावेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

मात्र येथे एक मेख आहे. बालपणी मार, उपेक्षा वा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांत पुढे मनोविकृतीचा संभव सुमारे पावणेतीन पट आढळतो, असे 2012 साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले. ज्याचे शरीर लहानपणीच परक्याच्या हाताखाली गेले, त्यास शिट्टी, दरडावणी आणि रांगेतली कवायत म्हणजे व्यायाम वाटत नाही. जुनी भीती वाटते. त्याच्यासाठी मैदान उघडे हवे, पण सक्ती नको. शिकविणाऱ्याने अंगास हात लावण्यापूर्वी विचारावे, इतकी साधी गोष्ट. आणि त्यासाठी आधी कोणीतरी त्याचे बालपण विचारलेले असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात फाशी देण्यापूर्वी आरोपीची कौटुंबिक पार्श्वभूमी व मानसिक स्थिती तपासण्यास सांगितले. ही विचारपूस फासाच्या दोरापाशीच का सुरू व्हावी? तुरुंगाच्या वा रुग्णालयाच्या दारातच ती का होऊ नये?

शेजारच्या राज्याकडे बोट दाखविणे सोपे असते. आपल्या घरी बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे, कोलवाळचे कारागृह आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 103 व्या कलमानुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय असलीच पाहिजे. कोलवाळमध्ये ती कोणत्या स्वरूपात आहे, दाखल होणाऱ्याचा बालपणापासूनचा इतिहास कोण लिहून घेतो, आणि रुग्णांना दिवसाकाठी किती वेळ उघड्या आभाळाखाली वावरू दिले जाते, याचे लेखी निवेदन शासनाने विधानसभेपुढे ठेवावे. तेच बांबोळीतील वॉर्डांविषयीही मागण्यास आमदारांना कोणी अडविलेले नाही.