आजोबांचे कान की रिकामी खोली?

गेल्या दिवाळीत माझ्या ताईचे बिऱ्हाड डोंबिवलीच्या चाळीतून ठाण्याला, घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या घरात गेले. घर ऐसपैस. खाली गुळगुळीत टाइल्स, समोर मोठी काच. आजोबांसाठी ताईने चांगले महागाचे स्पीकर आणले. आजोबांनी हौसेने रामभाऊ मराठ्यांची नाट्यपदे लावली आणि पाचच मिनिटांत बंद केली. "शब्दच कळत नाहीत. कान गेले माझे," म्हणाले. पुढे आठ दिवस घरात गाणे नाही!

आठवीतल्या भाच्याला हे पटेना. "मामा, मी आईशी कुजबुजलो तरी आजोबांना कळतं. मग गाणंच कसं नाही कळत?"

मी म्हटले, "खोलीच्या मध्ये उभा राहा आणि टाळी वाजव बघू." टाळीमागोमाग 'टर्रर्र' असा बारीक आवाज उठला. चोर सापडला!

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. स्पीकरमधून निघालेला स्वर थेट कानात येतो, तसाच भिंतींवर, छतावर, काचेवर आपटूनही येतो. छोट्या खोलीत हा फेरा इतका झटपट होतो की वेगळा प्रतिध्वनी ऐकू येत नाही. पण एका अक्षराचा घुमारा विरण्याआधीच पुढचे अक्षर येते. ओल्या शाईवर बोट फिरवावे तसे शब्द फिसकटतात. आवाज वाढवला, तर घुमाराही तेवढाच वाढतो.

मग चाळीतल्या खोलीत जुना टेपरेकॉर्डर कसा स्वच्छ ऐकू यायचा? तिथे गाद्यांची चळत होती, गोधड्या होत्या, दोरीवर कपडे होते. मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज पिऊन टाकतात. मात्र त्या छोट्या टेपमध्ये डग्ग्याचा घुमदार ठोका कधीच नीट उमटत नसे. तो काही खोलीने भरून निघत नाही, त्याला चांगला स्पीकरच लागतो. म्हणजे यंत्र हवेच, पण खोलीही त्याच्या जोडीला हवी.

हे कोडे फार जुने आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने रात्री, सारे शांत झाल्यावर, दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या उचलून आणल्या. गाद्या वाढतील तसा घुमारा किती कमी होतो, हे तो घड्याळ लावून मोजत बसला. त्यातूनच सभागृहांच्या ध्वनीचे शास्त्र उभे राहिले.

आम्हीही तेच केले. खाली सतरंजी अंथरली, काचेला जाड पडदा लावला, समोरच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट सरकवले. स्पीकर अगदी कोपऱ्यात ठेवले होते. कोपऱ्यात खर्जाचा आवाज फुगतो, म्हणून ते पुढे ओढले. दोन स्पीकर आणि आजोबांची खुर्ची यांचा त्रिकोण केला. स्पीकरची तोंडे कानांच्या उंचीवर आणली. खर्च? फक्त पडद्याच्या कापडाचा.

एक मात्र लक्षात ठेवा. पडदा खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरच्या गाड्यांचा गोंगाट फारसा अडवत नाही. त्यासाठी खिडकी घट्ट लावावी लागते.

भाच्याने पुन्हा टाळी वाजवली. 'टप्.' बस्स! मग तेच पद, तेवढ्याच आवाजात लावले. आजोबा डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने गुडघ्यावर त्यांची बोटे ताल धरू लागली. "अरे, शब्द न् शब्द कळतोय!" ते म्हणाले आणि भाच्याकडे बघून हसले.

कानांची शंका असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे, हे खरे. पण "आजोबांना ऐकू येत नाही" असे म्हणण्याआधी, मित्रांनो, खोलीत एक टाळी वाजवून बघाल ना?