म्हाताऱ्यांचा खेळ?

"लॉन बोल्स? तो म्हाताऱ्यांचा खेळ ना?" नयनमोनी सैकियाचं नाव काढलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याने तो खेळ कधी पाहिलेला नसतो, पण मत मात्र तयार असतं!

नयनमोनी आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातली. आधी वेटलिफ्टिंग करायची. पायाच्या दुखापतीने ते सुटलं आणि ती लॉन बोल्सकडे वळली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी आणि रूपा राणी तिर्की यांच्याबरोबर तिने चौघींच्या गटात सुवर्णपदक जिंकलं. या खेळातलं राष्ट्रकुल स्पर्धेतलं भारताचं ते पहिलंच पदक. २०२२ चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला.

आता ही कहाणी आपण कशी सांगतो बघा. दुखापत झाली, अवघड खेळ सुटला, म्हणून बिचारी सोप्या खेळाकडे गेली. मला चीड येते ती या 'सोप्या'ची.

सोपा कसा? यातला चेंडू पूर्ण गोल नसतो. वेग मंदावला की तो एका बाजूला वळत जातो. म्हणजे नेम सरळ धरून चालतच नाही. निदान २३ मीटरवर जॅक नावाचा छोटा चेंडू असतो, त्याच्या जास्तीत जास्त जवळ जायचं. किती वळेल, कुठे थांबेल, हे सगळं चेंडू हातातून सुटण्याआधी ठरवायचं. नयनमोनी चौघींत तिसरी. तिची पाळी येईपर्यंत दोन्ही संघांचे मिळून आठ चेंडू पडलेले असतात, वाटा अडलेल्या असतात. त्यातून आपला चेंडू आत सरकवायचा, नाहीतर समोरच्यांचा उडवायचा.

अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्धची ८-२ अशी आघाडी हातची गेली, आफ्रिकेच्या मुली पुढेही गेल्या. तरी आपल्या चौघींनी सामना १७-१० असा काढला. हे सोपं?

आणि हो, साठीतही हा खेळ खेळता येतो. मग बिघडलं काय? बुद्धिबळ तर आपल्या बागांमधून आजोबा मंडळी रोज खेळतात. म्हणून आनंदच्या जगज्जेतेपदाला कुणी नाक मुरडलं का?

पदक आलं की कौतुक आपण सगळेच करतो. पण ते पदकाचं असतं, दुखापतीचं असतं, खेळाचं नसतंच. एक अख्खा सामना बघा. मग काय म्हणायचं ते म्हणा.