होडीचा तळ आणि औषधाची मात्रा

बिदर-कलबुर्गीच्या आपल्या पठारी मुलखाला समुद्र नाही. पण कारंजा जलाशय आहे, आणि हैदराबादचा हुसेन सागरही फार दूर नाही. माझ्याकडे ट्रेलरवर ठेवलेली एक छोटी शिडाची होडी आहे. तिचा तळ पुन्हा कोणत्या रंगाने रंगवावा, हा प्रश्न वरवर हौशी माणसाचा. परंतु तो आपल्या व्यवसायाच्या अगदी जवळचा आहे, असे माझे नम्र मत आहे.

समुद्रात अहोरात्र तरंगणाऱ्या नौकेच्या तळाला शेवाळ व कवचधारी जीव चिकटतात, आणि तिचा वेग मंदावतो. त्यावर उपाय म्हणून तांब्याची संयुगे असलेले रंग आले. पुढे कथिलाचे ट्रायब्युटिल टिन हे संयुग आले. पाण्यात हळूहळू विष सोडणे हेच या रंगांचे कार्य. कथिलाच्या संयुगाने कालवांची पैदास खालावल्यामुळे फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर त्यास मनाई केली. २००१ मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय करार २००८ पासून अमलात आला.

दोन-चार तास पाण्यात राहून पुन्हा ट्रेलरवर चढणाऱ्या होडीला असला रंग देणे म्हणजे साध्या सर्दीला प्रतिजैविक लिहून देणे होय. स्वच्छ धुऊन कोरड्या ठेवलेल्या तळाला इपॉक्सीचा अस्तर व वर साधा टिकाऊ रंग पुरतो. शिवाय बिदर शहराचे पिण्याचे पाणी कारंजातूनच येते, हे विसरून कसे चालेल?

खरा धोका मात्र जुना रंग खरवडताना असतो. २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली. ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. औद्योगिक रंग मात्र त्या कक्षेबाहेर राहिले. म्हणून जुना थर कोरडा न घासता पाणी लावून घासावा, योग्य मुखपट्टी बांधावी, भुकटी गोळा करावी, आणि मुलांना तेथे फिरकू देऊ नये. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची निर्धोक अशी मात्राच ज्ञात नाही.

हे सारे होडीवाल्याने पाळावेच. पण ते रोज हाताळतो तो रंगारी. पोटात कळा, पंडुरोग वा थकवा घेऊन तो आपल्यापुढे येतो, तेव्हा आपण त्याचा धंदा विचारतो का? इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० च्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न विचारण्याचा आग्रह धरला होता. गरज नसलेले विष टाळावे, आणि ज्याच्या पोटात ते जाऊ शकते त्याची विचारपूस करावी, एवढे तरी आपल्या हाती निश्चितच आहे.