खिडकी लपते, प्रोसेस नाही

लॅबच्या दारात सरांची चाहूल लागली की शेवटच्या रांगेतल्या पोरांची बोटं ज्या वेगानं चालतात, त्या वेगानं ती जर्नल लिहिताना चालली असती तर सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलचे दिवे पहाटेपर्यंत जळले नसते. एक बटण दाबलं की गेम गायब, क्रिकेटचा स्कोअर गायब आणि स्क्रीनवर अर्धवट राहिलेला सी चा प्रोग्रॅम! ही करामत करणाऱ्या चिमुकल्या युटिलिटीज पेनड्राइव्हमधून प्रसादासारख्या वाटल्या जातात. कुणी आणली, कुठून आणली, कुणी विचारत नाही.

ही कला आपण शोधलेली नाही. १९८० च्या दशकातल्या पीसी गेम्समध्येच तिची सोय असायची आणि तिला नाव होतं 'बॉस की'. सिएरा कंपनीच्या १९८७ सालच्या 'लेझर सूट लॅरी'मध्येही ती होती. साहेब आला की बटण दाबायचं, गेम झाकला जायचा. पुढे १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आलं आणि साहेबापासून लपवण्यासारखं काहीतरी प्रत्येक ऑफिसात पोचलं. थोडक्यात, कॉम्प्युटर जितका जुना, तितकीच ही लपाछपी जुनी!

पण मित्रहो, आपण इंजिनिअरिंगला आहोत. बटण दाबल्यावर आत काय होतं, हे आपण नाही विचारायचं तर कुणी? विंडोजमध्ये 'शो-विंडो' नावाचं एक फंक्शन आहे. त्याला ६ हा आकडा दिला तर खिडकी मिनिमाइझ होते, म्हणजे खाली टास्कबारवर जाऊन बसते. ० दिला तर खिडकी लपते. टास्कबारवर नाही, आल्ट-टॅबमध्ये नाही, कुठेच नाही. बहुतेक युटिलिटीजचं सगळं शहाणपण या शून्यात आहे.

आता गंमत बघा. खिडकी लपली म्हणून प्रोग्रॅम बंद झालेला नसतो. टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेस तिथे ठाण मांडून बसलेली दिसेल. मेमरी खातेय, प्रोसेसर खातेय. गाणं चालू असेल तर स्क्रीनवर सी चा प्रोग्रॅम आणि स्पीकरमधून लावणी, असा देखणा कार्यक्रमही होतो. आणखी एक. लपलेली खिडकी परत समोर आणण्याचं कामही त्या युटिलिटीवरच सोपवलेलं असतं. ती मध्येच कोसळली, तर खिडकी अंधारातच राहते. तिच्यात सेव्ह न केलेला प्रोजेक्ट रिपोर्ट असला, तर मग बसा टाळ कुटत!

हे सगळं एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पुढची गोष्ट नाही. तुम्ही दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये असलात तरी ही युटिलिटी आपलं बटण ओळखते. कसं? एक सरळ मार्ग आहे: विंडोजला सांगायचं, 'हे एवढं बटण दाबलं गेलं की मला कळव.' दुसरा मार्ग म्हणजे कीबोर्डवर हुक टाकायचा. हुक टाकला की प्रत्येक बटण त्या प्रोग्रॅमच्या नजरेखालून जातं. तुमचा पासवर्डसुद्धा, आणि घरच्यांनी फी भरण्यासाठी ज्या खात्यात पैसे टाकलेत त्याचासुद्धा. पेनड्राइव्हवरून आलेली ती निनावी ईएक्सई कुठल्या मार्गानं जाते, हे तिच्या आयकॉनवर लिहिलेलं नसतं. सरांपासून गेम लपवायला आणलेल्या पाहुण्याच्या हाती आपण तिजोरीची किल्ली तर देत नाही ना? लॅबच्या मशीनवर तर तुमच्या नंतर बसणाऱ्याचीही किल्ली जाते, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो.

शिवाय लपतं तरी काय? कोणत्या मशीनवरून कोणत्या साइटकडे ट्रॅफिक गेलं, याची नोंद नेटवर्कवर ठेवता येते. तिथे ० चा आकडा चालत नाही.

स्क्रीनवरचा पसारा आवरायचा असेल तर त्यासाठी उसनी जादू कशाला? विंडोज बटण आणि डी दाबलं की डेस्कटॉप समोर येतो. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, एकापेक्षा जास्त डेस्कटॉपही आयते मिळतात. एकावर प्रोजेक्ट, दुसऱ्यावर इतर उद्योग. विंडोज, कंट्रोल आणि बाण दाबा, इकडून तिकडे जा. आणि खिडकी घड्याळाशेजारच्या ट्रेमध्येच टाकायची हौस असेल, तर आरबीट्रेसारख्या युटिलिटीज आहेत, ज्यांचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. वाचा की! सिलॅबसबाहेरचं थोडं विंडोज प्रोग्रॅमिंग तरी होईल.

आता दोन शब्द स्टाफसाठी, रागावू नका. शेवटच्या रांगेत लपणारी प्रत्येक खिडकी गेमची नसते. कुणी प्रॅक्टिकलच्या यादीत नसलेली लँग्वेज शिकत असतो, कुणी नोकरीचा फॉर्म भरत असतो. 'लॅबमध्ये फक्त प्रॅक्टिकल' हा नियम या सगळ्यांना एकाच मापानं मोजतो, आणि मग चांगलं काम करणाराही चोरासारखं बटण दाबायला शिकतो. पुढे नोकरीत तोच साहेबासमोर अडलेलं कामही लपवेल, आणि ते जास्त महाग पडेल. प्रॅक्टिकल संपल्यावर रोज एक तास लॅब मोकळी ठेवा. ज्याला जे उघडायचं ते उघडू दे, आणि जाता-येता सरांनीही डोकावून विचारावं, 'काय चाललंय रे?'

आणि पोरांनो, तोवर एवढं करा. ती निनावी ईएक्सई आजच काढून टाका, मग दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला. सर आलेच, तर गेम सरळ बंद करा. हाय स्कोअर जाईल, जाऊ दे.