मुलांना शिबिरास पाठवा, पण चौकशी करून

"रोज शेतात वावरणाऱ्या पोराला रानातले शिबिर कशाला?" असे काही पालक विचारतात. आम्हांस हे पटत नाही. घरापासून दोन रात्री दूर राहून आपले अंथरूण आपण घालणे, ताट घासणे, परक्या मुलांशी जुळवून घेणे या गोष्टी घरी शिकता येत नाहीत. प्राथमिक शाळेतील मुलांना अवश्य पाठवावे.

मात्र अशा सहली बहुधा हिवाळ्यात निघतात आणि सह्याद्रीच्या रानात माकडतापाचा हंगाम डिसेंबर ते मे असतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला हा रोग पुढे सत्तरी व दोडामार्गपर्यंत पोहोचला. तो गोचीड चावल्याने होतो. म्हणून माकडे मेलेली आढळली त्या रानात शिबिर नसावे. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे द्यावेत, पालापाचोळ्यात बसू देऊ नये, रोज संध्याकाळी अंग तपासावे. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आल्यास, मूल रानात गेले होते हे डॉक्टरांना आधी सांगावे.

पैसे भरण्यापूर्वी गुरुजींना जागेविषयी विचारावे. तो अविश्वास नव्हे. बैल घेताना आपण दात पाहतो. मग मूल पाठवताना जागा पाहण्यात संकोच कसला?