ऑटोला लाईट कळते, पाणी कळत नाही



मोबाईल स्टार्टरची एकत्रित खरेदी करा, अशी मागणी बऱ्याच जणांकडून येतेय. मागणी चुकीची नाही, पण माझं मत थोडं वेगळं आहे. घरबसल्या मोटार चालू करायची सोय नंतर बघू. पाणी संपल्यावर ती आपोआप बंद पडायची सोय आधी करू.

ऑटो आपल्याला नवा नाही. लाईट आली की मोटार चालू, एवढंच त्याचं काम. महावितरण सारखं सांगतं, ऑटो काढा आणि कॅपॅसिटर बसवा, कारण लाईट आल्याआल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर लोड येतो. खरं आहे. पण रात्रपाळीची लाईट असताना अंधारात, साप-विंचवाच्या वाटेनं विहिरीवर जाणार कोण? लोकांनी ऑटो हौसेनं बसवलेला नाही, त्यामुळं नुसतं 'काढा' म्हणून तो निघणारही नाही. माझी तक्रार दुसरीच आहे: ऑटो मोटार चालू करतो, पण पाणी आहे का नाही ते बघत नाही.

सांगोला, मंगळवेढ्याकडच्या डाळिंबाच्या बागा बघा. बोअरचं पाणी हौदात, आणि हौदातून सेल्फ प्रायमिंग मोनोब्लॉकनं ठिबकला. मार्चनंतर बोअर कमी ओतते, वरची मोटार मात्र पहिल्याएवढंच ओढते. हौद रिकामा होतो आणि मोटार कोरडी फिरत राहते.

सेल्फ प्रायमिंग पंपाच्या पोटात थोडं पाणी राहतं. त्याच पाण्याच्या जोरावर तो सक्शनमधली हवा बाहेर टाकतो, आणि तेच पाणी सीलला गार ठेवतं. हौद आटल्यावर पोटातलं पाणी तापून त्याची वाफ होते, सील करपतं नाहीतर तडकतं. त्या दिवशी काही कळत नाही. पुढं शाफ्टवरून पाणी गळायला लागतं, बेअरिंगमध्ये शिरतं, तिथून वाइंडिंगपर्यंत जातं. मोटार जळते काही दिवसांनी, आणि शिव्या खातं व्होल्टेज. (व्होल्टेजही काही साधू नाही, पण प्रत्येक पाप त्याचं नसतं.)

"स्टार्टरमध्ये रिले आहे की," असं बरेच जण म्हणतात. इथंच घोळ आहे. ओव्हरलोड रिले अँपिअर वाढले की ट्रिप होतो. पाणी संपल्यावर मोटारीवरचा भार हलका होतो, अँपिअर वाढत नाहीत, उलट कमी होतात. रिलेच्या हिशोबानं सगळं झकास चाललेलं असतं. सिंगल फेज प्रिव्हेंटर फेज गेला तरच कामाला येतो. कोरड्या मोटारीला ड्राय रन प्रिव्हेंटरच लागतो. अँपिअर ठरावीक आकड्याखाली गेले की तो मोटार बंद करतो.

पण नुसता बसवून भागत नाही. सेल्फ प्रायमिंग पंप चालू झाल्यावर पाणी उचलायला वेळ घेतो, आणि तेवढा वेळ अँपिअर कमीच असतात. प्रिव्हेंटरचा टायमर त्याच्यापेक्षा कमी ठेवला तर मोटार दर वेळी पाणी येण्याआधीच बंद पडणार. मग वैतागून वायरमनला सांगून तो बायपास केला जातो. म्हणून आधी घड्याळ लावून बघा, पाणी पडायला किती वेळ लागतो; टायमर त्याच्यापेक्षा थोडा जास्त ठेवा. पाणी पूर्ण चालू असताना क्लँप मीटरनं अँपिअर मोजा, पाणी सुटल्यावर लगेच मोजा, आणि सेटिंग दोन्हींच्या मध्ये करा. नंतर कॅपॅसिटर बसवलात तर पुन्हा मोजा, कारण लाईनचे अँपिअर त्यानं कमी होतात.

हौद असेल तर फ्लोट स्विच स्वस्तात काम करतो. फ्लोट कॉइलच्या लाईनमध्ये घ्यायचा. बंद व्हायची पातळी फुटव्हॉल्व्हच्या (आपल्या फुटबॉलच्या) चांगली वर ठेवा, आणि चालू व्हायची त्याच्याही दोन-अडीच फूट वर. नाहीतर मोटार दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत बसेल. स्टार्टरच्या कॉइलला बहुधा 415 व्होल्ट असतात आणि फ्लोटची वायर पाण्यात जाते, म्हणून हे काम वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंगही बघून घ्या.

करमाळ्याकडं उजनीच्या बॅकवॉटरला फ्लोट चालत नाही. तिथं पाणी संपत नाही, लांब जातं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं, तेव्हा लोकांनी चाऱ्या खोदल्या, मोटारी आणि पाइप पुढं सरकवत नेले. पाणी खाली गेलं की सक्शनची उंची वाढते. पुस्तकात 10 मीटर लिहिलेले असले तरी 6-7 मीटरच्या पुढं सेल्फ प्रायमिंग पंपही पाणी सोडतो. पाइप आज सरकवू, उद्या सरकवू म्हणताना रात्रीत मोटार कोरडी पडते. तिथं अँपिअरवरचा प्रिव्हेंटरच पाहिजे.

आणखी एक, जरा कडू वाटेल. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ आहे, त्यामुळं रात्रभर कोरडी फिरलेली मोटार बिलात दिसत नाही. ती दिसते मोटार भरायला टाकल्यावर. तो खर्च आपलाच, आणि बहाराच्या ऐन भरात बाग चार दिवस पाण्यावाचून राहते ते नुकसानही आपलंच.

मोबाईल स्टार्टर घ्यायचाच असेल तर ड्राय रन बंद आणि पुन्हा चालू व्हायचा टायमर असलेलाच घ्या. कमी पाण्याच्या बोअरला तर तो टायमर हवाच. ज्यांना एकत्रित खरेदीत नाव द्यायचंय त्यांनी मोटारीचे एचपी, पाणी चालू असतानाचे अँपिअर आणि पाणी उचलायला लागणारा वेळ, एवढ्या तीन गोष्टी याच नंबरवर पाठवा. स्टार्टर पेटीचा उघडा फोटोही पाठवा; फोटो काढताना मेन स्विच बंद ठेवा.